पळसाच्या फुलांचा पाक दरवर्षी का आंबतो? वाटी ठेवून द्या, वजनकाटा काढा

फेब्रुवारी सरता सरता मुळशी-भोरकडच्या माळांवर पळस फुलतो आणि गुढीपाडवा होऊन आठवडा उलटला की माझ्याकडे तेच प्रश्न यायला लागतात. पाक केला त्या दिवशी केशरी, नितळ, छान होता. दहा-बारा दिवसांत वर बारीक बुडबुडे धरले, झाकण उघडताना फुस्स झालं, वास आंबूस यायला लागला. म्हणून पुढच्या वर्षी अंदाजाने साखर वाढवली, तर बाटलीच्या तळाशी खडीसाखर जमली. त्याच्या पुढच्या वर्षी टिकावा म्हणून दोन लिंबं जास्त पिळली, तर महिन्याभरात बाटलीच्या गळ्याशी पांढरट बुरशी.

आंबणं, साखर धरणं आणि बुरशी या तीन वेगवेगळ्या तक्रारी वाटतात. तिन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते: पाकात साखर किती आणि पाणी किती, हे मोजलेलं नसतं. फुलं कधी खुडावी, किती वेळ भिजवावी, वेलदोडा घालावा की केशर, यावर घरोघरी चर्चा होते. पाण्याचा हिशेब मात्र राहून जातो. म्हणून आधी तोच मांडते.

साखर आणि पाण्याचा हिशेब

साखर पाण्यात किती विरघळेल याला मर्यादा आहे. २० अंश सेल्सिअसला १०० ग्रॅम पाण्यात साधारण २०० ग्रॅम साखर मावते, म्हणजे पूर्ण भरलेल्या पाकात साखर सुमारे ६७ टक्के. गॅसवर असताना यापेक्षा जास्त साखर आरामात विरघळते, पण पाक निवला की जास्तीची साखर कधी ना कधी खडे होऊन खाली बसते. दुसऱ्या बाजूला, साखर ६५ टक्क्यांच्या खाली जसजशी उतरते तसतसं यीस्टला आणि बुरशीला वापरता येईल असं पाणी मोकळं होत जातं. फळांच्या सिरपसाठी आपल्याकडच्या अन्न नियमांत विरघळलेल्या घटकांचं किमान प्रमाण ६५ टक्केच ठेवलेलं आहे.

म्हणजे खाली ६५, वर ६७. घरच्या पाकाला या दोन टक्क्यांच्या पट्टीत बसवायचं आहे आणि ते वाटीने जमत नाही.

आमच्या शेजारची सून म्हणाली, "काकू, मी एक वाटी साखर, एक वाटी पाणी अगदी काटेकोर घेतलं होतं." काटेकोर होतंच. पण साखरेच्या दाण्यांमध्ये हवा असते, पाणी मात्र मापात गच्च भरतं. २४० मिलिलिटरच्या मापात साखर भरते सुमारे २०० ग्रॅम आणि पाणी भरतं २४० ग्रॅम. एकास एक घेतलं की पाकात साखर होते जेमतेम ४५ टक्के. हा पाक सरबताला गोड लागतो, पण मार्च-एप्रिलच्या पुण्यात बाहेर ठेवला तर आठवडाभरात आंबणार, आणि त्यात फुलांचा काहीच दोष नसेल.

बरं, दोनास एक घेतलं तर? दोन मापं साखर ४०० ग्रॅम, एक माप पाणी २४० ग्रॅम. साखर ६२.५ टक्के. अजूनही कमीच. उकळताना थोडं पाणी उडून जातं म्हणून कधी कधी ही कृती साधते आणि मग वाटतं की जमलं. पुढच्या वेळी पातेलं अरुंद असतं किंवा आच मंद असते, वाफ कमी जाते आणि तोच पाक फसफसतो. "मागच्या वर्षी तर असंच केलं होतं आणि टिकला होता" या वाक्यामागचं कारण हे असतं.

लिंबाचा रस हेही पाणीच

पाक उतरवून थोडा निवला की वरून लिंबू पिळायचं, ही आपली रीत. संध्याकाळी पाहुण्यांना सरबत द्यायचं असेल तर रीत चांगली आहे, लिंबाचा ताजा वास राहतो. बाटलीत भरून ठेवायच्या पाकाचं मात्र त्याने नुकसान होतं.

गणित करून बघू. १ किलो साखर आणि ५०० ग्रॅम पाणी, म्हणजे पाक दीड किलो, साखर ६६.७ टक्के, अगदी हवी तशी. त्यात तीन-चार लिंबांचा ९० मिलिलिटर रस पिळला तर साखर उतरली ६३ टक्क्यांवर. टिकावा म्हणून घातलेल्या लिंबाने त्याची राखण करणारी साखरच पातळ केली. आंबटपणा पाकाला उपयोगी आहे, त्याबद्दल दुमत नाही. फक्त तो रस आधी घालायला हवा, म्हणजे त्यातलं पाणी इतर पाण्याबरोबर आटेल.

आधी घालण्याचा आणखी एक फायदा आहे. आंबटाबरोबर साखर उकळली की तिचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये सुटतो. या मिसळीत साखरेचे खडे सहज धरत नाहीत. फ्रीजमध्ये ठेवायच्या पाकाला याची गरजच असते, कारण ४ अंशांना नुसती साखर ६४ टक्क्यांच्या आसपासच मावते. बाहेर नितळ राहिलेला पाक फ्रीजमध्ये गेल्यावर तळाशी खडे धरतो तो यामुळे.

मी रसाऐवजी लिंबूसत, म्हणजे सायट्रिक ॲसिड वापरते. किलोभर साखरेला सपाट एक चमचा, साधारण ५ ग्रॅम. त्याने पाणी वाढत नाही आणि दरवर्षी आंबटपणा सारखा राहतो. ताजं लिंबूच हवं असेल तर तेही चालेल, मात्र साखरेबरोबरच पातेल्यात जाऊ द्या.

साखरेच्या दीडपट

आता सगळा हिशेब एका वाक्यात येतो: तयार पाकाचं वजन साखरेच्या वजनाच्या दीडपट असलं पाहिजे.

एवढं पाळलं की फुलांनी किती पाणी शोषलं, लिंबात रस किती होता, वाफ किती गेली, यातलं काहीच वेगळं मोजावं लागत नाही. १ किलो साखर घातली असेल तर पाक दीड किलोवर थांबवायचा. १ किलो ५४० ग्रॅमपर्यंत चालेल, तिथे साखर ६५ टक्के असते. त्याहून जास्त वजन भरलं तर पाणी उरलंय, अजून आटवा. वजन १ किलो ४५० पर्यंत उतरलं तर साखर ६९ टक्क्यांवर गेली, खडे धरणारच. तेव्हा उकळतं पाणी थोडं थोडं घालून परत दीड किलोवर आणा.

कृती अशी. पळसाच्या ताज्या पाकळ्या दीडशे ग्रॅम, किंवा सावलीत वाळवलेल्या पंचवीस ग्रॅमच्या आसपास. स्टीलच्या पातेल्यात पाऊण लिटर पाणी खळखळ उकळा, गॅस बंद करा, पाकळ्या घालून झाकण ठेवा. अर्ध्या तासात रंग उतरतो. फुलं गॅसवर उकळत ठेवू नका, तुरटपणा वाढतो. धुतलेल्या पंच्यातून किंवा मलमलीतून गाळा आणि गाळताना पुरचुंडी पिळू नका. पिळल्यावर निघणारं शेवटचं पळीभर पाणी गढूळ आणि तुरट असतं. त्या पळीभराच्या मोहापायी सगळी बाटली गढूळ होते.

दुसरं रुंद पातेलं ढवळायच्या चमच्यासकट आधीच तोलून वजन लिहून ठेवा. समजा ते ९०० ग्रॅम भरलं. त्यात गाळलेलं पाणी, १ किलो साखर आणि लिंबूसत घाला. साखर पूर्ण विरघळेपर्यंत मंद आचेवर ढवळा, नंतर आच वाढवून उकळी येऊ द्या. कडेला चिकटलेले साखरेचे दाणे ओल्या कापडाने पुसून घ्या, कारण असा एखादा दाणा पुढे बाटलीत पडला की त्याच्याभोवती खडा वाढायला लागतो. मळी वर येईल ती झाऱ्याने काढा. पाच-सात मिनिटांनी पातेलं काट्यावर ठेवून बघा. आकडा २ किलो ४०० ग्रॅम झाला की थांबा.

गरम पातेलं थेट काट्यावर ठेवलं तर प्लॅस्टिक वितळतं. आधी लाकडी पाट किंवा उलटा पोळपाट ठेवून काटा शून्यावर आणा, मग त्यावर पातेलं.

थर्मामीटरने करणाऱ्यांसाठी पुण्याची एक खास अडचण आहे. बहुतेक कृतींमध्ये पाकाचं तापमान समुद्रसपाटीचं दिलेलं असतं. तिथे ६५ टक्क्यांचा पाक सुमारे १०४ अंशांना उकळतो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे. इथे साधं पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं, त्यामुळे तोच पाक १०२ अंशांनाच तयार होतो. १०४ ची वाट बघत बसलं तर पाक पुढे निघून जातो आणि बाटलीत खडे धरतात. मुंबईच्या नणंदेने सांगितलेला आकडा तिच्याकडे बरोबर असतो आणि कोथरूडमध्ये चुकतो. सोपा उपाय म्हणजे त्या दिवशी थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात घालून बघायचा. जो आकडा येईल त्यात ४ मिळवायचे, तिथे पाक उतरवायचा. यात थर्मामीटर थोडा कमीजास्त दाखवत असला तरी अडत नाही.

तार बघून करणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की एकतारी पाक लाडवांसाठी असतो. सरबताचा पाक तार येण्याच्या आधी, बोटांना नुसता चिकट लागतो तेव्हाच उतरवायचा असतो.

आधीच भरून ठेवलेल्या बाटलीचं काय?

तीही तपासता येते. पाक घरातल्या तापमानाला येऊ द्या. रिकामी कोरडी बाटली तोला, गळ्याशी खूण करा, खुणेपर्यंत पाणी भरून तोला. पाणी ओतून बाटली पूर्ण कोरडी करा आणि त्याच खुणेपर्यंत पाक भरून तोला. पाकाचं निव्वळ वजन पाण्याच्या निव्वळ वजनाच्या सुमारे १.३२ पट भरलं पाहिजे. बाटलीत ५०० ग्रॅम पाणी मावत असेल तर पाक ६६० ग्रॅमच्या जवळपास. ६४५ ग्रॅम भरला तर साखर ६० टक्क्यांच्या आसपास आहे, आजच पातेल्यात ओतून आटवा. ६१५ भरला तर निम्मं पाणी आहे. तो फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत पिऊन टाका.

रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबभर पाकावरून साखरेचं प्रमाण दाखवणारं उपकरण, विकत घ्यायचा विचार असेल तर त्याची पट्टी बघून घ्या. सहज मिळणारे बरेचसे ० ते ३२ टक्क्यांचे असतात. ते फळांच्या रसाला ठीक, आपल्या पाकाला निरुपयोगी. ५८ ते ९० अशी पट्टी असलेला हवा.

प्रमाण बरोबर असूनही आंबतो तेव्हा

६५ टक्क्यांच्या वर बहुतेक जंतू तग धरत नाहीत, तरी साखर सोसणारे काही यीस्ट आणि बुरशी असतात. त्यांना वाट करून देणाऱ्या जागा थोड्याच आहेत.

पहिली म्हणजे फुलं रात्रभर भिजत घालणं. रंगपंचमीचा रंग असाच करतात आणि सकाळी लगेच प्यायच्या सरबतालाही हे चालतं. पण फुलात मध असतो, परागकण असतात, मुंग्या-किड्यांनी आणलेले यीस्ट असतात. मार्चच्या उकाड्यात रात्रभर ओट्यावर ठेवलेलं ते पाणी सकाळपर्यंत आंबायला लागलेलं असू शकतं. पुढे उकळल्यावर यीस्ट मरतात, पण आंबूस चव जात नाही. रात्रभर भिजवायचंच असेल तर फ्रीजमध्ये भिजवा. मला स्वतःला गरम पाण्यातला अर्धा तासच पटतो.

धायटीच्या फुलांच्या बाबतीत हे दुप्पट लागू. ताम्हिणीच्या बाजूला, भोरच्या डोंगरात धायटीची झुडपं याच दिवसांत लाल नळीसारख्या फुलांनी भरतात, मुलं ती चोखतात. आयुर्वेदात आसवं आणि अरिष्टं करताना हीच फुलं मुद्दाम घालतात, कारण त्यांनी काढा आंबायला लागतो. म्हणजे ज्या फुलाचं कामच आंबवण्याचं, त्याचा पाक आपल्याला न आंबता ठेवायचा आहे. करता येतो, पण पाणी खळखळ उकळतंच हवं आणि गाळून झाल्यावर ते तसंच ठेवून दुसऱ्या कामाला लागायचं नाही, लगेच साखर घालून गॅसवर चढवायचं. धायटीत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं. लोखंडी कढईत केलात तर पाक काळपट होईल.

दुसरी जागा बाटलीचा गळा, आणि हिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. गरम पाक भरून झाकण लावलं की वाफ वरच्या रिकाम्या जागेत जाते, काचेवर तिचं पाणी होतं आणि ते थेंब पाकावर पडतात. खाली ६६ टक्क्यांचा पाक आणि वर पातळ गोड पाण्याचा एक थर. बुरशी नेमकी तिथे धरते. म्हणून बाटल्या पाण्यात उकळून पूर्ण वाळवा, पाक चांगला गरम असतानाच गळ्यापर्यंत भरा, झाकण घट्ट लावून पाच मिनिटं बाटली उलटी ठेवा, म्हणजे झाकणाची आतली बाजूही तापते. पूर्ण निवल्यावर बाटली हलवून घ्या, म्हणजे वरचं पाणी पाकात मिसळून जाईल. बाटल्या लहान, दोन-अडीचशे मिलिलिटरच्या घ्या. एक लिटरची बाटली दिवसातून चारदा उघडली जाते आणि प्रत्येक वेळी हवा आणि एखादा ओला चमचा आत जातो.

तिसरी जागा गूळ. गुळात पाणी असतं, क्षार असतात आणि त्याचं प्रमाण ढेपेगणिक बदलतं, त्यामुळे दीडपटीचा हिशेब त्याला लागू होत नाही. गुळाचा पाक करायचा तर फ्रीजमध्ये ठेवून पंधरवड्यात संपवण्याच्या बेतानेच करावा. शिवाय पळसाचा रंगही त्यात बुडतो.

खडे धरले असतील तर

पाक वाया गेला असं समजू नका. बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात उभी करून पाणी हळूहळू तापवा, सगळे खडे विरघळू द्या, पातेल्यात काढून एक उकळी आणा. निवल्यावर वर सांगितल्याप्रमाणे तोलून बघा आणि जड भरला तर उकळलेलं पाणी चमच्याचमच्याने घालून पुन्हा गरम करा. नळाचं कच्चं पाणी कधीच घालू नका. खडे काढून टाकून वरचा पाक तसाच ठेवणं हा मार्ग नाही, कारण खडे साखर घेऊन बसलेले असतात आणि वर उरलेला पाक पातळ झालेला असतो. काही दिवसांनी तोही आंबतो आणि मग दोन्ही दोष एकाच बाटलीत कसे आले हे कळत नाही.

तुरटपणा, रंग, वास

तुरट चव बहुतेक वेळा देठापाशी असलेल्या काळपट मखमली वाटीतून येते. ती काढून फक्त केशरी पाकळ्या घ्यायच्या. काम वेळखाऊ आहे, घरातल्या सगळ्यांना बसवा.

रंगाचं गणित आंबटावर आहे. पळसाचा रंग लिंबात पिवळसर होतो आणि सोड्यासारख्या क्षाराच्या बाजूला गेला की लालसर केशरी. खडकवासल्याच्या नळाच्या पाण्यात केलेला आणि सोसायटीच्या बोअरच्या पाण्यात केलेला पाक वेगळा दिसतो तो यामुळे. बोअरचं पाणी जड असतं, त्यात रंग गडद उतरतो आणि पाक किंचित गढूळही होतो. नळाचं किंवा घरच्या फिल्टरचं पाणी घ्या. लिंबूसत घातल्यावर रंग फिका पडला म्हणून खायचा सोडा टाकणारे लोक आहेत. रंग येतो, पण टिकवणारा आंबटपणा मरतो आणि चव साबणासारखी होते. फिका तर फिका, तोच पळसाचा खरा सोनेरी पिवळा आहे. उन्हात मात्र बाटली ठेवू नका, रंग उडतो.

वास येत नाही ही तक्रार असेल तर पळसाला वास नसतोच. त्याच्याकडून रंग आणि हलकी हिरवट चव मिळते. सुगंध हवा असेल तर गावठी गुलाबाच्या पाकळ्या मूठभर, त्याही गॅस बंद केल्यावर पाण्यात घालायच्या. वेलदोडा घालायचा तर दोन-तीनच, पळसाची चव नाजूक आहे.

कोणती फुलं, कुठली फुलं

पाक आंबला तर किलोभर साखर जाते, फूल चुकलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून हे लांबवून लिहिते.

पळस आणि पांगारा एकाच मोसमात, दोघेही पान गळलेले असताना फुलतात, दोघांनाही तीन-तीन पर्णिकांची पानं. पळसाची पाकळी बाहेरून मखमली, पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली, केशरी. पांगाऱ्याची फुलं लालभडक, गुळगुळीत, आणि फांद्यांवर काटे. पांगाऱ्याच्या बियांत विषारी द्रव्यं असतात, त्याची फुलं पाकात नकोत. टेकड्यांवर याच काळात फिकट गुलाबी फुलांनी भरलेली झाडं दिसतात ती गिरिपुष्पाची, जिला लोक उंदीरमारी म्हणतात. नावातच सगळं आलं. कण्हेर लाल असो, पांढरी असो की पिवळी, रुई, धोतरा, घाणेरी आणि पावसाळ्यातली कळलावी, यांतलं एकही फूल स्वयंपाकघरात येता कामा नये. एप्रिल-मेमधला बहावा मोहात पाडतो, पण त्याची फुलं सारक आहेत, सरबत म्हणून पेलाभर पिणं पोटाला सोसणार नाही. कुड्याची फुलं खातात खरी, पण त्यांची भाजीच करावी, पाकात त्यांचा कडूपणा पुढे येतो.

पळसाची ओळख पक्की नसेल तर फोटोवर भरवसा ठेवू नका, पान-फूल-खोड जाणणाऱ्या माणसाबरोबर एकदा झाडाखाली उभं राहा. पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, कॉलेजांत वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत, झाडं ओळखणाऱ्यांच्या टेकडीफेऱ्या निघतात. इतक्या जाणत्यांच्या शहरात अंदाजाने फूल खायचं कारण नाही.

पहिल्यांदा पीत असाल तर दोन घोट पिऊन दुसऱ्या दिवसापर्यंत थांबा. गरोदर असाल किंवा रोजची औषधं चालू असतील तर वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारल्याशिवाय पळसाचं सरबत नको.

फुलं तोडू नका, वेचा. पळस एवढी फुलं खाली टाकतो की संध्याकाळी झाडाखाली जुनी चादर अंथरली तर सकाळी पाकापुरती सहज मिळतात. झाडावरची मैनांना, शिंजिरांना आणि पुढच्या शेंगांना राहू द्या. वनखात्याच्या हद्दीतल्या टेकड्यांवरून काही गोळा करू नका. ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरचा पळस असेल तर त्याला विचारून घ्या, आणि शेजारच्या पिकावर फवारणी कधी झाली तेही विचारा. महामार्गाच्या कडेच्या फुलांवर धूळ आणि धूर बसलेला असतो, ती सोडून द्या. पाटीवर विकायला आलेली फुलं बहुतेक पूजेसाठी असतात, त्यांवर काय मारलंय ते विकणारीलाही ठाऊक नसतं.

टाकावा की वाचवावा

बुरशी दिसली तर पूर्ण बाटली टाका. वरची चकती काढून खालचा पाक उकळून वापरणं धोक्याचं आहे, बुरशीचे धागे आणि तिने सोडलेली द्रव्यं दिसतात त्यापेक्षा खोल जातात आणि काही द्रव्यं उकळून नष्ट होत नाहीत. बुरशी नाही, नुसते दोन-चार बुडबुडे आहेत आणि वास अजून गोड आहे, तर पाक लगेच उकळून साखरेच्या दीडपटीवर आणा, फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. वास आंबूस झाला असेल तर मोह सोडा. फसफसणारी काचेची बाटली घट्ट झाकणाने कपाटात ठेवू नका, आतल्या वायूने ती फुटू शकते. उघडतानाही सिंकमध्ये धरून, वर फडकं टाकून, झाकण हळूहळू सैल करा.

प्रमाणात केलेला, गरम भरलेला, न उघडलेला पाक अंधाऱ्या कपाटात पावसाळ्याच्या तोंडापर्यंत चांगला राहतो. मृगाचा पाऊस सुरू झाला की उरलेल्या बाटल्या फ्रीजमध्ये हलवा. उघडलेली बाटली कोणत्याही महिन्यात फ्रीजमध्येच.

पेल्याला ३० मिलिलिटर पाक, म्हणजे दोन मोठे चमचे, आणि माठातलं गार पाणी. एवढ्यात साधारण २६ ग्रॅम साखर जाते. मुलांचा पेला भरताना आणि घरात कुणाला मधुमेह असेल तर हा आकडा समोर ठेवा. चिमूटभर सैंधव घाला. ताजं लिंबू ज्याला हवं त्याने इथे, पेल्यात पिळावं.